सीमारेषेवरचा झेल: बाहेरून मारलेली उडी आणि आत टेकलेला पाय

पांढराकोट

हौशी क्रिकेटच्या सामन्यांत मी गेली नऊ वर्षे पंच म्हणून उभा राहतो. रीतसर परीक्षा दिलेला पंच मी नाही. नियमावली वाचतो, अडले की जाणत्यांना विचारतो आणि मैदानावर जे दिसते त्यावर निर्णय देतो. मागच्या रविवारी दिलेला एक निर्णय मात्र डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

वीस षटकांचा सामना होता. शेवटून दुसऱ्या षटकात फलंदाजाने लाँग ऑनकडे उंच फटका मारला. दोरी नव्हती, सीमारेषा फक्कीने आखलेली होती. लाँग ऑनच्या क्षेत्ररक्षकाने रेषेच्या आत, दोन्ही पाय जमिनीवर असताना चेंडू हातात घेतला. मागे जाण्याच्या वेगात आपण थांबू शकत नाही हे लक्षात येताच त्याने चेंडू वर उडवला आणि तो रेषेबाहेर गेला. चेंडूही त्याच्यामागोमाग बाहेरच्या बाजूला येत होता. तेव्हा त्याने रेषेबाहेरच्या जमिनीवरून उडी मारली, दोन्ही पाय हवेत असताना चेंडू आत ढकलला आणि तो पुन्हा बाहेरच पडला. तोवर डीप मिडविकेटचा खेळाडू धावत आला होता. त्याने चेंडू जमिनीला लागण्याआधी पकडला.

मी गोलंदाजाच्या टोकाला होतो. स्क्वेअर लेगच्या सहकाऱ्याशी बोललो. चेंडू हातात असताना किंवा हाताला लागत असताना क्षेत्ररक्षकाचा पाय बाहेर टेकलेला नव्हता, यावर आमचे एकमत झाले आणि मी बोट वर केले. फलंदाजी करणाऱ्या संघाचा कर्णधार माझ्याकडे आला आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "सर, हा नियम आता बदलला आहे, हा षटकार आहे." मी निर्णय कायम ठेवला. तो संघ चार धावांनी हरला.

नियम बदलल्याचे माझ्याही कानावर आले होते, पण तो नेमका काय बदलला आणि कुठे लागू झाला हे त्या क्षणी मला छातीठोकपणे सांगता आले नसते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. मला सांत्वन नको आहे, निर्णय बरोबर होता की चूक एवढेच हवे आहे.

कलम एकोणीस

पांढराकोट साहेब, आपण प्रसंग इतका नेमका लिहिला आहे की उत्तर देणे सोपे जायला हवे होते, पण ते तसे नाही. आधी जुना पाया मांडतो.

या विषयात दोन नियम एकत्र वाचावे लागतात. एकोणिसावा नियम सीमारेषेचा आणि तेहतिसावा झेलाचा. झेल हा क्षण नसून क्रिया आहे, हे तेहतिसाव्या नियमात स्पष्ट आहे. चेंडूचा क्षेत्ररक्षकाला पहिला स्पर्श झाला की ती क्रिया सुरू होते आणि चेंडूवर व स्वतःच्या हालचालीवर त्याचा पूर्ण ताबा आला की ती संपते. या दोन टोकांच्या दरम्यान चेंडूला हात लागलेला असताना जर तो सीमारेषेला किंवा तिच्या बाहेरच्या जमिनीला टेकला, तर झेल नाही. ताबा पूर्ण झाल्यानंतर तो आनंदाने दोरीवरून उडी मारून प्रेक्षकांत गेला तरी फलंदाज बादच राहतो.

बहुतेक वाद ज्या गैरसमजातून होतात तो असा की चेंडू हवेतून सीमारेषेच्या पलीकडे गेला म्हणजे षटकार झाला. तसे नाही. सीमारेषा ही जमिनीवरची रेषा आहे, तिच्यावर आकाशापर्यंत भिंत उभी केलेली नाही. रेषेच्या आत पाय रोवून, हात बाहेर लांबवून घेतलेला झेल पूर्ण वैध आहे. चेंडू बाहेरच्या जमिनीला किंवा बाहेर टेकलेल्या वस्तूला लागला पाहिजे, अथवा बाहेर टेकलेल्या क्षेत्ररक्षकाला लागला पाहिजे, तरच तो सीमापार.

आता हवेतल्या क्षेत्ररक्षकाचे काय, हा खरा प्रश्न. पूर्वी नियम फक्त एवढेच पाहत असे की स्पर्शाच्या वेळी तो जमिनीला टेकलेला आहे का. जून २००९ मध्ये टी-२० विश्वचषकात नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजवर श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजने वेस्ट इंडिजच्या रामनरेश सरवानचा फटका अडवला तो प्रसंग अनेकांना आठवत असेल. मॅथ्यूजने चेंडू आत वर उडवला, बाहेर गेला आणि बाहेरून उडी मारून हवेतच तो आत टोलवला. फलंदाजांना षटकाराऐवजी पळालेल्या तीन धावाच मिळाल्या आणि नियमांची मालकी असलेल्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने, म्हणजे एमसीसीने, ते वैध असल्याचे सांगितले. या विचाराला शेवटपर्यंत ताणले असते, तर क्षेत्ररक्षकाला सीमारेषेबाहेरच उभे राहून उड्या मारण्याची मुभा मिळाली असती. ती पळवाट बंद करणारी भाषा पुढे नियमात आली आणि २०१३ मध्ये तिला जो आकार मिळाला तो असा की चेंडूला पहिला स्पर्श करण्यापूर्वी क्षेत्ररक्षकाचा जमिनीशी शेवटचा संबंध पूर्णपणे रेषेच्या आत असला पाहिजे.

'पहिला स्पर्श' हे दोन शब्द अधोरेखित करावेत. दुसऱ्या, तिसऱ्या स्पर्शाबद्दल नियम गप्प होता. त्या मौनात आपल्या रविवारच्या झेलाला जागा मिळते.

लाँगऑफ

कलम एकोणीस यांनी पाया उत्तम मांडला. त्या मौनाचा पुरेपूर उपयोग करून घेतलेले दोन झेल ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश स्पर्धेत झाले, आणि दोन्ही वेळा झेल घेणारा संघ ब्रिस्बेन हीटच होता.

पहिला जानेवारी २०२० मधला. होबार्ट हरिकेन्सच्या मॅथ्यू वेडचा फटका मॅट रेनशॉने आत पकडला, तोल गेल्यावर वर उडवला, बाहेर गेला, बाहेरून उडी मारून हवेतच आत ढकलला आणि टॉम बँटनने तो झेलला. आपल्या रविवारच्या प्रसंगाची ही तंतोतंत आवृत्ती आहे. दुसरा १ जानेवारी २०२३ चा. सिडनी सिक्सर्सचा जॉर्डन सिल्क ४१ धावांवर खेळत होता. मायकेल नेसरने त्याचा फटका आत पकडून वर सोडला. चेंडू सीमारेषेच्या पलीकडे गेल्यावर नेसरने बाहेरच्या जमिनीवरून उडी मारून तो हवेतच आत उडवला, बाहेर टेकला, मग आत येऊन स्वतःच झेल पूर्ण केला. दोन्ही झेल त्या वेळच्या नियमाप्रमाणे निर्विवाद वैध होते.

माझे मत विचाराल तर मला हे झेल फार आवडतात. खेळाडूला नियम इतका पक्का माहीत आहे की धावताना, डोक्यावर चेंडू असताना, आपला पाय कुठे आहे आणि पुढची उडी कधी मारायची हे त्याला कळते, ही साधी गोष्ट नव्हे. नियम बदलून आपण कौशल्याची एक जात नाहीशी केली, असे मला वाटते. क्षेत्ररक्षक मुद्दाम कुठेही फसवत नव्हता.

कलम एकोणीस

लाँगऑफ, आपले दुःख समजते, पण मी बदलाच्या बाजूचा आहे. कारण सांगतो.

बास्केटबॉलमध्ये हवेतला खेळाडू कुठे आहे असे मानायचे? जिथे त्याचा पाय शेवटचा टेकला होता तिथे. मैदानातून उडी मारून बाहेर जाणारा चेंडू हवेतच आत फेकता येतो, पण बाहेरून उडी मारून चेंडूला हात लावला की चेंडू बाहेर गेला. ही कल्पना सुसंगत आहे. क्रिकेटने ती कल्पना पहिल्या स्पर्शासाठी स्वीकारली आणि नंतरच्या स्पर्शांसाठी सोडून दिली. परिणामी एकदा आत हात लागला की क्षेत्ररक्षक सशासारखा टुणटुण उड्या मारत चेंडू बाहेरच खेळवत ठेवू शकत होता, आणि जोवर स्पर्शाच्या क्षणी पाय हवेत आहेत तोवर तो जणू मैदानात होता. तांत्रिकदृष्ट्या हे निर्दोष होते, पण दोरीच्या दोन मीटर पलीकडे चाललेल्या कसरतीला 'मैदानातला झेल' म्हणताना सामान्य प्रेक्षकाच्या मनात जी शंका येई, ती मला रास्त वाटते.

मग बास्केटबॉलचाच नियम उचलायचा का? तसे केले असते तर दुसरे, अतिशय सुंदर झेलही बुडाले असते. ९ जुलै २०२१ ला नॉर्थॅम्प्टनमध्ये भारत आणि इंग्लंड यांच्या महिलांच्या टी-२० सामन्यात हरलीन देओलने एमी जोन्सचा घेतलेला झेल आठवा. तिने आतून उडी मारून डोक्यावरचा चेंडू पकडला, आपण बाहेर जातो आहोत हे ओळखून तो वर सोडला, तिचे पाय बाहेर टेकले, आणि तिथून आत सूर मारत तिने चेंडू हवेतच झेलला. तिची दुसरी उडी बाहेरूनच होती. बास्केटबॉलच्या कसोटीवर हा झेल अवैध ठरतो, आणि तो अवैध ठरावा असे कोणालाही वाटणार नाही.

म्हणून एमसीसीने मधला मार्ग काढला. बाहेर गेलेल्या क्षेत्ररक्षकाला बाहेरून उडी मारून हवेत असताना चेंडूला एकदाच स्पर्श करता येईल, आणि तो केल्यावर त्याने रेषेच्या आतच उतरले पाहिजे व तो चेंडू संपेपर्यंत आतच राहिले पाहिजे. म्हणजे उडी कुठून मारली याला कमी महत्त्व आणि उतरला कुठे याला जास्त. हरलीन आत उतरली, तिचा झेल शाबूत. नेसर हवेतला स्पर्श करून बाहेर उतरला, त्याचा झेल आज षटकार. रेनशॉचेही तेच. त्याने चेंडू सहकाऱ्याकडे दिला असला आणि सहकारी पूर्णपणे आत असला, तरी रेनशॉ स्वतः आत उतरला नाही म्हणून षटकार. मॅथ्यूजची २००९ ची करामतही याच कारणाने आज चालणार नाही.

आता पांढराकोट साहेबांच्या मूळ प्रश्नाचे अवघड टोक. ही तरतूद आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आपल्या सामन्यांच्या अटींमध्ये जून २०२५ पासून घेतली. एमसीसीच्या मूळ नियमावलीत ती येण्याची तारीख मात्र ऑक्टोबर २०२६ आहे, आणि तिला अजून अवधी आहे. तेव्हा आपली स्पर्धा कोणत्या पुस्तकावर चालते, यावर उत्तर अवलंबून आहे. केवळ 'क्रिकेटच्या नियमांप्रमाणे' असे लिहिलेले असेल तर आपला निर्णय शंभर टक्के बरोबर. स्पर्धेचे नियमपत्रक एकदा पाहून घ्यावे, ही विनंती.

नवी वाचक

मी खेळ नियमित पाहते, पण नियमावली कधी वाचलेली नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास माफ करावे.

एक, आयपीएलमध्ये २०२० साली शारजाला निकोलस पूरनने संजू सॅमसनचा षटकार अडवला होता. तो पूर्ण आडवा होऊन दोरीपलीकडे हवेत तरंगत होता, त्याने चेंडू पकडून आत फेकला आणि मग तो बाहेर पडला. नव्या नियमाने तेही बंद झाले का? दोन, २०२४ च्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला सूर्यकुमार यादवचा झेल आज घेतला असता तर काय झाले असते? आणि तीन, त्या झेलाच्या वेळी दोरीच मागे सरकलेली होती असे मी अजून ऐकते, त्यात तथ्य किती?

कलम एकोणीस

पूरनची उडी आतून होती. चेंडूला स्पर्श करण्यापूर्वी त्याचा पाय शेवटचा आत टेकलेला होता, आणि बाहेर उतरण्याआधी चेंडू त्याच्या हातातून सुटला होता. नवे बंधन बाहेरून मारलेल्या उडीला आहे. आतून झेप घेऊन, चेंडू आत टाकून, मग बाहेर पडणे पूर्वीही चालत होते आणि आजही चालते. या दोन गोष्टींची गल्लत खूप होते, म्हणून प्रश्न मुळीच बाळबोध नाही.

सूर्यकुमारचा झेल तर नव्या नियमाच्या कक्षेतच येत नाही. त्याने आत पकडला, बाहेर जाण्याआधी वर सोडला, बाहेर पाऊल टाकले, आत परत आला आणि आत उभा राहून पुन्हा पकडला. बाहेर असताना त्याने चेंडूला हातच लावला नाही. २०१३ च्या भाषेतही वैध, २०२५ च्या भाषेतही वैध.

दोरीच्या प्रश्नावर माझ्यापेक्षा मैदानावर काम केलेल्यांनी लिहावे.

खेळपट्टीवाला

मैदान तयार करण्याचे काम बरीच वर्षे केले आहे, त्या अनुभवावर लिहितो.

२९ जून २०२४, ब्रिजटाउनचे केन्सिंग्टन ओव्हल. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. हार्दिक पंड्याच्या पहिल्याच चेंडूवर, तो फुलटॉस होता, डेव्हिड मिलरने लाँग ऑफला फटका मारला आणि सूर्यकुमारने तो झेल घेतला. तिसरे पंच रिचर्ड केटलबरो यांनी चित्रण पाहून बाद दिले. भारत ७ धावांनी जिंकला. त्यानंतर जी छायाचित्रे फिरली त्यांत सीमारेषेच्या गादीच्या आतल्या बाजूला गवतावर एक फिकट पट्टा दिसत होता, आणि गादी तिथून मागे सरकली असा निष्कर्ष लोकांनी काढला.

असा पट्टा प्रत्येक मोठ्या मैदानावर असतो. मध्यभागी अनेक खेळपट्ट्या शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येक सामन्याला त्यांतली एक वापरतात. अंतर खेळपट्टीच्या मध्यापासून मोजले जाते, त्यामुळे खेळपट्टी बदलली की एका बाजूची दोरी आत येते आणि दुसऱ्या बाजूची बाहेर जाते. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत हे अंतर कमीत कमी ६५ यार्ड आणि जास्तीत जास्त ९० यार्ड असावे लागते, शिवाय दोरी आणि बाहेरचे कुंपण यांत किमान ३ यार्ड मोकळे ठेवावे लागतात. गादी काही दिवस एका जागी राहिली की तिच्याखालचे गवत पिवळे पडते. ती उचलून दुसरीकडे ठेवली तरी तो पट्टा आठवडाभर हटत नाही. तो पट्टा म्हणजे आधीच्या सामन्याची सीमारेषा. चालू सामन्याची सीमारेषा पंचांनी नाणेफेकीपूर्वी ठरवलेली असते.

गादी खेळ चालू असताना खरोखर हलली तर काय, यावरही नियम आहे आणि तो क्षेत्ररक्षकाच्या बाजूने मुळीच नाही. खुणेची वस्तू कोणत्याही कारणाने हलली, तरी सीमारेषा मूळ जागीच आहे असे धरायचे. म्हणजे आधीच्या चेंडूवर कोणी घसरत जाऊन गादी हातभर मागे ढकलली असेल आणि तुम्ही त्या हातभर जागेत उभे राहून झेल घेतलात, तर गादीला पाय न लागताही तो षटकार. चेंडू मृत झाल्यावर ती जागेवर ठेवणे आवश्यक असते, आणि हे काम नीट होते आहे की नाही इकडे पंचांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. माझी तक्रार असेल तर ती इथे आहे. त्रिकोणी स्पंजच्या गाद्या खेळाडूंना इजा होऊ नये म्हणून ठीक आहेत, पण त्या हलक्या असतात, आणि मूळ जागेची खूण म्हणून खाली बारीक रेषा मारण्याची पद्धत सगळीकडे पाळली जात नाही. रेषा नसेल तर मूळ जागा म्हणजे पंचाची आठवण.

अवांतर: गादी असो वा फक्की, सीमारेषा म्हणजे तिची आतली कड. पांढऱ्या पट्ट्यावर पाय पडला म्हणजे तो बाहेरच पडला. 'अर्धा पाय रेषेवर, अर्धा आत' असे म्हणून झेल मागणारे कर्णधार मी पाहिले आहेत.

गुणलेखिका

वहीच्या बाजूने थोडी भर घालते.

झेल अवैध ठरल्यावर चार द्यायचे की सहा, यात नवखे गुणलेखक चुकतात. बॅटला लागलेला चेंडू टप्पा न पडता क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला आणि तो त्यासह रेषेवर टेकला, तर सहा. हाताला लागून चेंडू उडाला आणि थेट बाहेर पडला, तरीही सहा. क्षेत्ररक्षकाच्या स्पर्शाने षटकाराचा चौकार होत नाही. मध्ये आत टप्पा पडला असेल तरच चार.

पूर्ण ताबा म्हणजे काय, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण २०१९ च्या विश्वचषकातच मिळते, आणि ते एकाच माणसाचे आहे. २२ जूनला ओल्ड ट्रॅफर्डवर जिमी नीशमच्या गोलंदाजीवर कार्लोस ब्रेथवेटने लाँग ऑनला फटका मारला. तो १०१ धावांवर होता आणि तो चेंडू पार गेला असता तर वेस्ट इंडिज जिंकले असते. ट्रेंट बोल्टने दोरीला जेमतेम अंतर ठेवून तो पकडला आणि तोल सांभाळला. न्यूझीलंड ५ धावांनी जिंकले. पुढे १४ जुलैला लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात पुन्हा नीशमची गोलंदाजी, समोर बेन स्टोक्स, पुन्हा लाँग ऑनच्या बाजूला उंच फटका आणि खाली पुन्हा बोल्ट. चेंडू त्याच्या हातात स्वच्छ बसला. जवळच मार्टिन गप्टिल होता, त्याच्याकडे चेंडू टाकायला बोल्टने हात हलवला, पण त्याआधीच त्याचा पाय मागे दोरीच्या गादीवर पडला. सहा. सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि चौकार-षटकारांच्या मोजणीवर इंग्लंड विश्वविजेते झाले. दोन्ही वेळा चेंडूवरचा ताबा पूर्ण होता. दुसऱ्या वेळी स्वतःच्या हालचालीवरचा नव्हता. तेहतिसाव्या नियमातले ते छोटेसे 'आणि' किती महाग पडू शकते ते यावरून दिसते.

एक छोटी नोंद. झेल चालू असताना फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले की नाही, हे आता पुढच्या चेंडूसाठी लिहून ठेवावे लागत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून नवा फलंदाज बाद झालेल्याच्याच टोकाला येतो, षटक संपले असेल तर गोष्ट वेगळी. सीमारेषेवरच्या उंच झेलांत पूर्वी यावरून गुणलेखक आणि पंच यांची बरीच खलबते होत.

लाँगऑफ

गुणलेखिकाताई, बोल्टची जोडी फार चपखल दिलीत. माझा विरोध मात्र कायम आहे, आणि तो आता थोडा वेगळ्या ठिकाणी आहे. नवा नियम वाचायला सुबक आहे, पण तो पंचाकडून जास्त गोष्टी पाहण्याची अपेक्षा करतो. पूर्वी स्पर्शाच्या क्षणी पाय टेकला होता का, एवढे पाहायचे. आता उडी बाहेरून होती का, हवेत एकदाच स्पर्श झाला का, उतरला कुठे, आणि चेंडू सहकाऱ्याकडे गेल्यावरही हा पहिला खेळाडू पुन्हा बाहेर तर गेला नाही, इतके सगळे. तिसरा पंच आणि पंधरा कॅमेरे असतील तिथे ठीक. पांढराकोट साहेबांसारख्यांनी साठ-सत्तर मीटरवरून हे कसे पाहायचे? मार्च २०२१ मध्ये अहमदाबादच्या भारत-इंग्लंड टी-२० सामन्यात वॉशिंग्टन सुंदरचा आदिल रशीदने दोरीजवळ घेतलेला झेल आठवा. टाच दोरीला लागली की नाही हे चित्रण पाहूनही लोक आजवर भांडतात, आणि तिथे मैदानावरच्या पंचाने लांबून दिलेला प्राथमिक कौल बादचा होता. २०२३ च्या जूनमध्ये तो प्राथमिक कौलच रद्द केला, यातच सर्व आले.

पांढराकोट

सर्वांचे मनापासून आभार. लाँगऑफ यांनी विचारले ते आधी सांगतो, कारण त्याचे उत्तर मला द्यायलाच हवे.

आमच्याकडे कॅमेरा नसतो. झेल लांब रेषेवर गेला की गोलंदाजाच्या टोकाचा पंच चेंडूकडे पाहतो आणि स्क्वेअर लेगचा पंच, शक्य तेवढे त्या बाजूला धावत जाऊन, पायांकडे पाहतो. नंतर एकमेकांशी बोलतो. तरीही कळले नाही तर क्षेत्ररक्षकाला विचारतो, आणि मी सांगतो की बहुतेक क्षेत्ररक्षक खरे बोलतात. दोन वर्षांपूर्वी एकाने ठामपणे 'आत होतो' असे सांगितले होते. मी त्याला बूट वर करायला सांगितले. टाचेच्या खाचांत फक्की भरलेली होती. तो म्हणाला की मागच्याच षटकात चेंडू आणायला रेषेबाहेर गेलो होतो, तेव्हा लागली असेल. तो खरोखर गेला होता; मीच पाहिले होते. मी बाद दिले. आजही त्या टाचेबद्दल मला खात्री नाही.

रविवारच्या प्रसंगात मात्र पाहण्यात अडचण नव्हती. सगळे स्वच्छ दिसले होते. प्रश्न फक्त पुस्तकाचा होता, आणि कलम एकोणीस यांनी सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी मी स्पर्धेचे नियमपत्रक काढून वाचले. पहिल्या पानावर 'सामने क्रिकेटच्या प्रचलित नियमांनुसार होतील' असे आहे, आणि ते वाचून मला हायसे वाटले. तिसऱ्या पानावर, चहापानाची वेळ आणि चेंडूचा रंग यांच्या मध्ये, एक ओळ अशी आहे की जिथे या पत्रकात वेगळे नमूद नाही तिथे आंतरराष्ट्रीय टी-२० सामन्यांच्या चालू अटी लागू राहतील. ही ओळ मी मागची दोन वर्षे वाचलेली नाही.

कलम एकोणीस

मग षटकार होता, पांढराकोट साहेब. क्षेत्ररक्षक बाहेरून उडाला, हवेत स्पर्श केला आणि बाहेर उतरला. सहकाऱ्याने पुढे काय केले याला अर्थ उरत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या पानाच्या भाषेत विसंगती आहे हे आयोजकांना लेखी कळवावे, म्हणजे पुढच्या पंचाची पंचाईत होणार नाही.

पांढराकोट

कळवले आहे. त्या कर्णधारालाही आज सकाळी फोन केला. तो म्हणाला, "सर, मलासुद्धा नियमपत्रकातलं काही माहीत नव्हतं, मी टीव्हीवर ऐकलं होतं तेवढंच बोललो." पुढच्या रविवारी त्याच मैदानावर मीच उभा आहे.